डब्यातलं दूध आणि आपला खरवस

'आरे' म्हटलं की मुंबईकराला दूध आठवतं आणि आपल्याला समुद्र. गोरेगावची आरे दूध वसाहत 1949 साली उभी राहिली आणि आधी बाटल्यांवरून, मग पिशव्यांवरून ते नाव राज्यभर फिरलं. आपलं आरे-वारे रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणाऱ्या सागरी रस्त्यावरचं. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. उलट या आरेत दूध कायम कमीच. बसणीपासून नेवऱ्यापर्यंत कुठल्याही किराणा दुकानात सकाळी जा. दूध पिशवीतलं, तेही बहुतेक घाटावरून आलेलं. आणि दुकानाच्या फळीवर, चहापत्ती आणि बिस्किटांच्या शेजारी, कंडेन्स्ड मिल्कचा डबा हमखास.

हा डबा गेल्या वर्षी बातमीत आला होता. 22 सप्टेंबर 2025 पासून त्याच्यावरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. तूप, लोणी, चीज यांच्याबरोबर यादीत तोही होता. दिवाळी तोंडावर होती, म्हणून लोकांनी 'बरं झालं' म्हटलं आणि विषय संपला. पण बातमी करता करता माझ्या डोक्यात एक प्रश्न राहिला. हा डबा आपल्या घरात आला कधी? आणि आला तो कुणाच्या जागी?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खरवसात आहे.

आजकाल कुणाच्या घरी खरवस खाल्लात तर विचारून बघा, चिकाचा की डब्याचा? दहात आठ वेळा उत्तर येईल, 'डब्याचा हो, चीक कुठे मिळतो आता!' एक डबा कंडेन्स्ड मिल्क, तेवढंच दूध, तेवढंच घट्ट दही, वेलची-जायफळ, आणि वीस-पंचवीस मिनिटं वाफ. वडी सुरेख पडते. पाहुणे दुसऱ्यांदा मागून घेतात. मीही घेतो, यात लपवण्यासारखं काही नाही.

पण चिकाच्या खरवसाची गोष्ट वेगळी होती. वाडीत कुणाची गाय किंवा म्हैस व्याली की पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक शेजारीपाजारी जायचा. चीक विकायचा नसतो, वाटायचा असतो, अशी रीत. कुणाच्या गोठ्यात वासरू आलं हे वाडीला खरवसाच्या वाटीवरून कळायचं. आता गोठेच कमी झाले, तर वाट्या कुठून फिरणार? डब्याने चिकाला हाकललं असं मी म्हणणार नाही. चीक आधीच जात होता, त्याची रिकामी जागा डब्याने भरली.

थोडं मागे जाऊ.

कोकणाच्या जुन्या गोडधोडाकडे नीट बघितलंत तर एक गोष्ट लक्षात येते. त्यात गाई-म्हशीचं दूध फार कमी आहे. उकडीचे मोदक, पातोळे, खांडवी, सांदण, तवसाळी, खापरोळी, शिरवाळे, गौरीच्या नैवेद्याचं घावन-घाटलं. सगळीकडे तांदूळ, गूळ आणि नारळ. शिरवाळ्याबरोबर आणि खापरोळीवर जो रस येतो तो नारळाचा. 'दूध' हा शब्दसुद्धा आपण नारळाला लावतो. देशावरच्या घरात सणाला बासुंदी आटायची, पेढे व्हायचे. आपल्याकडे नारळ खवला जायचा.

त्याला कारणं आहेत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पण तो चार महिन्यांत. बाकी आठ महिने कातळ तापलेला. भाताचं एक पीक, त्याचा पेंढा, आणि डोंगरउतारावरचं गवत. एवढ्यावर जनावर जगतं, दूध देत नाही. आपली गावठी गाय अंगाने लहान. पावसाला, उन्हाला, चढाला टिकणारी. 2018 साली कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिची 'कोकण कपिला' म्हणून स्वतंत्र जात नोंदवली. चांगली गोष्ट झाली. पण ही गाय दिवसाला दोन-अडीच लिटर दूध देते ते पुष्कळ. लोकांनी तिला नांगराला बैल मिळावा आणि शेणखत मिळावं म्हणून पाळलं. दूध हे वरचं.

तर दुधाच्या टंचाईची आपल्याला सवयच. आणि गंमत म्हणजे हा डबाही जन्मला तो दुधाच्या टंचाईतूनच, तेही समुद्रावरच्या.

1856 हे साल रत्नागिरीकराला सांगायला नको. 23 जुलै 1856 रोजी इथे लोकमान्यांचा जन्म झाला. त्यानंतर महिन्याच्या आत, 19 ऑगस्ट 1856 रोजी, तिकडे अमेरिकेत गेल बोर्डन नावाच्या माणसाला दूध आटवून टिकवण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. बोर्डनची गोष्ट अशी सांगतात की 1851 च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनाहून बोटीने परतताना जहाजावरच्या गाई आजारी पडल्या आणि दूध न मिळाल्याने किंवा खराब दुधाने तान्ही मुलं दगावली. ते त्याच्या मनाला लागलं. बोटीवर, वाळवंटात, युद्धावर, जिथे गाय नेता येत नाही तिथे दूध कसं न्यायचं, हा त्याचा प्रश्न होता.

दूध आटवायला आपल्या आज्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. फ्रान्समध्ये निकोलस अपेर यानेही बोर्डनच्या आधी दूध आटवून डब्यात भरून बघितलं होतं. बोर्डनने वेगळं काय केलं, तर दूध उघड्या कढईत न उकळता निर्वात भांड्यात आटवलं. महाबळेश्वरला पाणी शंभर अंशांच्या थोडं आधीच उकळतं हे शाळेत शिकलोय आपण, कारण तिथे हवेचा दाब कमी. भांड्यातली हवा ओढून घेतली की दाब आणखी उतरतो आणि दूध पन्नास-साठ अंशांवरच आटायला लागतं. करपत नाही, लाल होत नाही, खव्यासारखा वास येत नाही. मग त्यात साखर. ती चवीपुरती नसते. मोरावळा किंवा साखरांबा वर्षभर टिकतो तो कशामुळे? साखर पाणी धरून ठेवते आणि जिवाणूंना वाढायला पाणी उरत नाही. डब्यातलं दूध टिकतं ते त्याच तत्त्वावर. बासुंदी दुसऱ्या दिवशी आंबते आणि हा डबा महिनोन्महिने राहतो, फरक एवढाच.

1861 ते 65 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, सरकारने सैन्यासाठी हे डबे घेतले आणि बोर्डनचा धंदा उभा राहिला. 1866 साली चार्ल्स आणि जॉर्ज पेज या दोन अमेरिकन भावांनी स्वित्झर्लंडमध्ये काम या गावी 'अँग्लो-स्विस कंडेन्स्ड मिल्क कंपनी' काढली. दुधाची भांडी घेतलेली गवळण, म्हणजे 'मिल्कमेड', ही त्यांची खूण. ही कंपनी आणि नेस्ले 1905 मध्ये एक झाल्या. 1912 साली या कंपनीने भारतात माल आणून विकायला सुरुवात केली, तेव्हाचं तिचं नाव 'नेस्ले अँड अँग्लो-स्विस कंडेन्स्ड मिल्क कंपनी (एक्स्पोर्ट)' असं लांबलचक. नावातच कंडेन्स्ड मिल्क होतं, म्हणजे धंदा कशावर उभा होता ते कळतं.

त्या काळात हे दूध साहेबाच्या टेबलावर, पलटणीच्या कँटीनमध्ये आणि बोटींवर. आता बोटी आणि पलटण म्हटलं की रत्नागिरी जिल्हा आलाच. मुंबईच्या फौजेत इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या भरती होत आली आणि पी अँड ओसारख्या कंपन्यांच्या जहाजांवर डेकची कामं करणाऱ्या खलाशांत आपल्या खाडीकाठच्या कोकणी मुसलमानांचा वाटा मोठा होता. त्यामुळे मिल्कमेडची गवळण वाडीत पोचण्याच्या कितीतरी आधी वाडीतल्या माणसांनी ती बंदरा-बंदरांवर पाहिली असणार. आपला थिबा राजा 1886 ते 1916 रत्नागिरीत नजरकैदेत होता. त्याच्या ब्रह्मदेशात आजही चहा या डब्यातल्या दुधाचाच करतात. व्हिएतनाममध्ये कॉफी, मलेशियात चहा, तसंच. सगळे उष्ण, दमट, भाताचे, नारळाचे, दुधाची ओढ असलेले प्रदेश. नकाशा बघितलात तर आपल्याच जातकुळीचे.

पण या गोडव्याला एक काळी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. स्वस्त, टिकाऊ, डब्यावर गुबगुबीत चित्रं. त्यामुळे वसाहतींमध्ये हे दूध तान्ह्या बाळांना पाजलं जायला लागलं. त्यात साखर भरमसाट, बाळाला लागणारं बाकी काही पुरेसं नाही. डॉ. सिसिली विल्यम्स या बालरोगतज्ज्ञ तेव्हा सिंगापूरला होत्या. 1939 साली तिथल्या रोटरी क्लबपुढे त्यांनी भाषण केलं, त्याचं नावच 'दूध आणि खून' या अर्थाचं होतं. बाळांना आईच्या दुधाऐवजी हे गोड दूध पाजायला सांगणाऱ्या जाहिरातीला त्यांनी खून म्हटलं. आपल्याकडे बाळाच्या दुधाच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा यायला 1992 उजाडलं. म्हणून सांगतो, घरात बाळ असेल आणि कुणी मायेने बोटावर डब्यातलं दूध चाटवत असेल तर हात धरा. ते मोठ्यांचं खाणं आहे.

आता स्वदेशीकडे येऊ. लोकमान्यांच्या गावात हा विषय टाळून कसं चालेल?

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे डब्याचं दूध परदेशातून यायचं. सरकारला वाटे, देशात दूध आहे, साखर आहे, मग हा डबा इथे का होऊ नये? डॉ. वर्गीस कुरियन यांनी आपल्या आत्मचरित्रात 1956 ची एक हकीगत सांगितली आहे. उद्योग खात्याचे मंत्री मनुभाई शहा यांच्या सांगण्यावरून ते स्वित्झर्लंडला नेस्लेच्या मुख्यालयात गेले. कंपनीने भारतात भारतीय दुधापासून माल करावा, आणि काम भारतीय माणसांच्या हाती द्यावं, अशी बोलणी करायला. कुरियन यांच्या म्हणण्यानुसार तिथल्या अधिकाऱ्याने सुनावलं की दुधासारख्या नाजूक वस्तूचं काम स्थानिक लोकांवर सोडता येत नाही. कुरियन तिथून उठून निघून आले.

आणि मग आणंदला त्यांनी तो डबा करून दाखवला. खेडा जिल्ह्याचा सहकारी दूध संघ 1946 साली नोंदला गेला होता. म्हशीच्या दुधाची पावडर होऊच शकत नाही असं परदेशी तज्ज्ञ म्हणत, ती एच. एम. दलाया यांनी करून दाखवली होती आणि 1955 मध्ये आणंदचा कारखाना सुरू झाला होता. 1958 मध्ये तिथे कंडेन्स्ड मिल्कही तयार व्हायला लागलं. मग सरकारने आयात बंद केली. नेस्लेनेही पुढे 1961 मध्ये पंजाबात मोगा येथे भारतातला आपला पहिला कारखाना काढला आणि गवळण इथल्या दुधावर आली. आज अमूलचा 'मिठाई मेट' आणि नेस्लेचा 'मिल्कमेड' एकाच फळीवर शेजारी बसलेले दिसतात, त्यामागे हा एवढा वाद आहे.

आणंदवाल्यांना हा डबा का हवा होता, हे समजून घेण्यासारखं आहे. थंडीत जनावरं जास्त दूध देतात. मुंबईची दूध योजना रोज ठरावीकच दूध घ्यायची. उरलेल्या दुधाचं करायचं काय? नासलं तर शेतकऱ्याचं नुकसान, स्वस्तात विकलं तरी नुकसान. पावडर, लोणी, कंडेन्स्ड मिल्क हे उरलेलं दूध वाचवण्याचे मार्ग होते. म्हणजे ग्राहकाला जी मिठाईची सोय वाटते, ती शेतकऱ्याच्या दृष्टीने बाराही महिने दूध घेतलं जाण्याची हमी होती.

मुंबईच्या दूध योजनेचे प्रमुख दारा खुरोडी, कुरियन आणि खेडा संघाचे अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल या तिघांना 1963 साली मॅगसेसे पुरस्कार एकत्र मिळाला. खुरोडी म्हणजे आरे वसाहत उभी करणारे. टोन्ड दूधही त्यांनीच आणलं. 'आरे' हे नाव आणि हा डबा असे एका पुरस्कारात भेटतात. आपलं आरे मात्र या सगळ्यापासून दूरच राहिलं.

आपल्या घरांत हा डबा खऱ्या अर्थाने आला तो 1980 च्या पुढे-मागे. सुरुवातीला चहा-कॉफीत घालायचं दूध म्हणून तो विकला जाई. मग कंपन्यांच्या लक्षात आलं की चहासाठी रोजचं दूध लोकांना मिळायला लागलंय, तेव्हा डबा गोडाकडे वळवला. वेष्टनावर, पुस्तिकांमध्ये, मासिकांच्या जाहिरातींत कृती छापून यायला लागल्या. बिनअंड्याचा केक ही त्यातली सगळ्यात गाजलेली. अंडं न चालणाऱ्या घरांत वाढदिवसाला केक आला तो या डब्यामुळे. ओव्हन कुणाकडे होता? कुकरची शिट्टी आणि रिंग काढायची, तळाला वाळू पसरायची, वर डबा ठेवायचा. वाळूची आपल्याकडे कमी नव्हतीच. गणपतीला चाकरमानी मुंबईहून येताना ज्या पिशव्या आणायचे, त्यात हा डबाही असायचा आणि तो आरतीनंतरच्या खिरीत जायचा. आखातात गेलेल्यांच्या घरी दुधाची पावडर आणि निराळे परदेशी डबे यायचे. रिकामा डबा तर फुकट जायचाच नाही. धुऊन, कडा ठोकून, तांदूळ मापायला नाहीतर तुळस लावायला.

आता थोडं स्वयंपाकघरातलं, कारण हे वाचून कुणीतरी डबा उघडणारच.

कोकणातल्या घरात हा डबा सगळ्यात छान जमतो तो ओल्या नारळाबरोबर. दोन वाट्या खवलेला नारळ, पाऊण वाटी कंडेन्स्ड मिल्क, मंद आच, जाड बुडाचं पातेलं. कडा सुटल्या की ताटात थापा. साखरेच्या पाकाची वडी जमायला हात लागतो, ही पहिल्यांदा करणाऱ्यालाही साधते. साखर वेगळी घालू नका. मे महिन्यात हापूसच्या रसात दोन-तीन चमचे घालून फ्रीजमध्ये ठेवलं तर मुलं आइस्क्रीम विसरतात, पण रस गोड हवा, आंबट रसात ते दाटतं आणि फुटल्यासारखं दिसतं. शेवयांची खीर करताना दूध उकळून, गॅस बंद करून, मग हे घाला. आधी घालून ढवळायला विसरलात तर बुडाला लागतं, कारण साखर जास्त. नारळाच्या रसातल्या शिरवाळ्यांत मात्र कृपा करून घालू नका. तिथे गुळाची चव हवी, हे माझं वैयक्तिक मत, भांडायची तयारी आहे.

खरवसाला दही ताजं, आंबट नसलेलं आणि पाणी निथळलेलं घ्यावं. चिकाचा खरवस घट्ट होतो तो त्यातल्या जास्तीच्या प्रथिनांमुळे. तापवलं की ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी धरतात. डब्याच्या खरवसात तेच काम आटलेल्या दुधातली प्रथिनं दह्याच्या आंबटपणाच्या मदतीने करतात. म्हणून दही पातळ असेल तर वडी ढिली पडते. वाफवताना भांड्यावर झाकण घट्ट ठेवा, नाहीतर वाफेचं पाणी पडून वर खड्डे पडतात. गार झाल्याशिवाय सुरी लावू नका.

घरीही करता येतं. एक लिटर म्हशीचं दूध, पाव किलोला थोडी कमी साखर, चिमूटभर खायचा सोडा, आणि पाऊण ते एक तास ढवळत बसायची तयारी. साधारण एका डब्याएवढं होतं. रंग थोडा पिवळसर येतो, चव बासुंदीकडे झुकते. फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवा. गॅस आणि वेळ धरला तर स्वस्त पडतं असं नाही, पण आत काय आहे ते आपल्याला माहीत असतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, बंद डबा पाण्यात उकळून तपकिरी घट्ट गोड करायचे व्हिडिओ फिरतात. बंद डबा फुटून भाजल्याचे प्रकार झालेले आहेत. तसं करायचंच असेल तर दूध भांड्यात ओता, झाकण लावा आणि कुकरमध्ये डाळीसारखं शिजवा. दोन, शंभर ग्रॅममध्ये निम्म्याहून जास्त साखर असते, दुधाची धरून. घरात मधुमेहाचा माणूस असेल तर चमचा मोजा. आणि डबा उघडल्यावर उरलेलं काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढा, टिनमध्ये ठेवू नका.

आता मुद्द्यावर येतो, ज्यासाठी एवढं लिहिलं.

डबा आपल्याकडे आला, डेअरी मात्र आली नाही. कोल्हापूरला 1963 मध्ये गोकुळ उभं राहिलं, वारणेला डेअरी आली, आणि आपण त्यांचं गिऱ्हाईक झालो. आंबा घाटातून गाडी आली तर आपला चहा. ऑगस्ट 2019 च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीचं दूधसंकलनच थांबलं तेव्हा आपण काय केलं? जुलै 2021 मध्ये चिपळूण बुडालं, आंबा घाटात रस्ता खचला, जड गाड्या बंद झाल्या तेव्हा काय केलं? दुकानात पावडर आणि डबे शोधले. म्हणजे 1851 च्या त्या जहाजासारखीच आपली गत. गाय नाही, बंदर लांब, आणि हाताशी असलेला डबा.

याला सगळं निसर्गाच्या माथी मारून चालणार नाही. वाड्या विखुरलेल्या आहेत, चारा कमी आहे, तरणी माणसं मुंबईला आहेत, हे खरं. पण दूध गोळा करायची व्यवस्था नसेल तर तीन म्हशींचा गोठा पाच म्हशींचा कसा होणार? ज्याच्याकडे सकाळी दहा लिटर उरतं त्याने ते न्यायचं कुठे? 2024 मध्ये राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे आधी 5 आणि मग 7 रुपये अनुदान दिलं. ते सहकारी संघाला किंवा खासगी डेअरीला दूध घालणाऱ्यांसाठी होतं. वाडीत घरोघर रतीब घालणाऱ्याला त्यात जागा नव्हती. आपल्याकडचा दूधवाला बहुतेक रतीबवालाच. अनुदान घाटमाथ्यावर थांबलं ते असं. गेल्या काही वर्षांत चिपळूणला वाशिष्ठी डेअरी सुरू झाली आणि तिकडच्या शेतकऱ्यांना दूध घालायला जागा झाली, तेव्हा हे कोकणात होऊच शकत नाही असं आता कुणी म्हणू नये. पण चिपळूणच्या खाली, रत्नागिरी तालुक्याच्या किनाऱ्याला, आजही सकाळचं दूध संध्याकाळपर्यंत थंड ठेवायची सोय कुठे आहे?

आरे-वारेचा रस्ता बघा. सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते. प्रत्येक टपरीवर चहा, प्रत्येक होमस्टेत सकाळी दूध, जेवणात खरवस नाहीतर खीर. एवढं गिऱ्हाईक दारात आहे आणि दूध साठ-सत्तर मैलांवरून घाट उतरून येतं. होमस्टे वाढवायला कर्ज मिळतं, बोर्ड लागतात, उद्घाटनं होतात. त्याच योजनेत दोन-चार गावांत मिळून एक दूध शीतकरण केंद्र आणि चाऱ्याची सोय बसवायला काय हरकत आहे? दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, कोकण कपिलेवर काम तिथलंच. ग्रामपंचायती, जिल्हा परिषद, पालकमंत्री, सगळ्यांना हा प्रश्न विचारता येतो. येत्या ग्रामसभेत मी विचारणार आहे. तुम्हीही विचारा.

पाहुण्याला 'आमच्या वाडीतला खरवस' म्हणून चिकाची वडी देता आली तर तो त्यासाठी परत येईल. डब्याची वडी त्याला पुण्यातही मिळते.

कर कमी झाला, डबा स्वस्त झाला, आनंदच आहे. या दिवाळीत नारळाच्या वड्या माझ्या घरीही त्याच्याच होतील. पण तुमच्या वाडीत शेवटचा चिकाचा खरवस कधी वाटला गेला, कुणाच्या गोठ्यातला, ते आठवत असेल तर जरूर लिहा. गावाचं नाव आणि साल घाला, माणसाचं नाव नको. किती गावांत कधी थांबलं ते एकत्र केलं, तर ग्रामसभेत हातात काहीतरी असेल.